चहाच्या पाण्याने वास जाईल, चिखल्या जाणार नाहीत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहात आणि दिवसाचे दहा तास पायात सेफ्टी शूज असतात. बूट काढले की घरातले नाक धरतात. शिवाय दोन्ही पायांच्या करंगळीशेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओली, सुटलेली आहे आणि खाजते. कुणीतरी सांगितलं म्हणून गेले दहा दिवस रोज रात्री अर्धा तास चहाच्या पाण्यात पाय बुडवताय. वास निम्म्यावर आला, बेचक्यातली खाज मात्र वाढली. ते बघून आईंनीही टाचांच्या भेगांसाठी त्याच टबात पाय घालायला सुरुवात केली, आणि आईंना आठ वर्षांपासून शुगर आहे. आता तुम्हाला विचारायचंय की चहा आणखी कडक करू का, किती दिवस करू, आणि साध्या पावडरीपेक्षा ग्रीन टी बरा का.

चहाचं सगळं सांगते. पण एक गोष्ट थांबण्यासारखी नाही: आईंचे पाय आज रात्रीपासून त्या टबात नकोत. का ते पुढे येईलच.

प्रश्न वाचताना मला एका टबात तीन वेगवेगळी दुखणी दिसली. एक घामाचा वास, दुसरं बेचक्यातल्या चिखल्या, तिसरं टाचांच्या भेगा. पायाचं म्हणून तिन्ही एकाच गटात टाकली जातात आणि एकच उपाय तिन्हींवर फिरतो. त्यातल्या एकाला चहा उपयोगी आहे, दुसऱ्याला अपुरा आहे आणि तिसऱ्याला चक्क उलटा आहे. कोल्हापुरात चोवीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतेय. घरगुती उपायांवर माझा राग नाही. माझा राग आहे तो काय झालंय हे न बघता उपाय सुरू करण्यावर.

चहा नेमकं काय करतो ते समजायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्या सुभाषनगर-जवाहरनगर भागात कोल्हापुरी चपलेचं कातडं जुन्या पद्धतीने कसं कमावायचे ते थोरल्या माणसांना विचारा. कातड्याची पखालीसारखी पिशवी शिवायची, त्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. सालीतलं आणि हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं, मग ते कातडं कुजत नाही. कडक कोरा चहा प्यायल्यावर जीभ तुरट, कोरडी लागते ना? तेही त्याच जातीचं काम: चहातली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात. तेच पाणी तळव्याला लागलं की वरच्या मेलेल्या थरातली प्रथिनं थोडी आकसतात, घामाच्या छिद्रांची तोंडं काही दिवसांपुरती अरुंद होतात आणि घाम कमी येतो. ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. घामाने ओल्या झालेल्या कातडीवर जिवाणू वाढतात, घामातली आणि कातडीतली प्रथिनं फोडतात, आणि त्यातून जी आम्लं निघतात त्यांना तो आंबूस, नासक्या चीजसारखा वास असतो. म्हणजे ओल कमी झाली की जिवाणूंचं खाणंपिणं कमी, आणि वासही कमी. तुमचा अनुभव खरा आहे, मनाचे खेळ नाहीत.

बऱ्याच वर्षांपूर्वी कातडं कमावण्याचं काम करणारे एक काका माझ्याकडे यायचे. त्यांचे तळहात मी विसरणार नाही. गडद तपकिरी, रेषांमध्ये काळपट रंग बसलेला, आणि हात हातात घेतला तर वाळलेल्या सालीसारखा. मी विचारलं, "काका, हाताला घाम येतो का?" तर म्हणाले, "घाम? हाताला घाम म्हणून न्हाई बघा, मॅडम. जीव जातोय तो ह्या चिरांनी." बोटांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या, मीठ-लिंबू लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. आणि कुंडातल्या त्या सालीच्या पाण्यात रोज उभं राहणाऱ्या त्याच माणसाच्या पायाच्या बेचक्यात चिखल्या होत्या. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या घरातल्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका माणसाच्या अंगावर होतं: घाम थांबलेला, चिरा वाढलेल्या, बुरशी जागच्या जागी.

आता तुमच्या तीन दुखण्यांकडे एकेक करून येते.

वासासाठी चहा करायचा असेल तर असा करा. अर्धा लिटर पाण्यात आपली रोजची काळी चहा पावडर दोन चमचे टाकून पंधरा मिनिटं उकळायची. नुसतं गरम पाणी ओतून भागत नाही, टॅनिन उतरायला वेळ लागतो. पिण्यासाठी असा चहा कुणी करणार नाही, पण आपल्याला तो प्यायचा नाहीये. गाळून घ्या, त्यात दीड-दोन लिटर साधं पाणी घाला, हाताच्या कोपराला कोमट लागलं की पाय बुडवा. वीस ते तीस मिनिटं, रोज, आठ-दहा दिवस. पुढे आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. झालं की पाय पुसून, बोटांच्या बेचक्यांत कोरडा कपडा फिरवून, पंख्याखाली दहा मिनिटं बसा. दूध नको, कारण दुधातली प्रथिनंच टॅनिनला धरून टाकतात, तुमच्या पायासाठी काही उरत नाही. साखर तर मुळीच नको. हे सांगावं लागतं, कारण सकाळच्या पातेल्यात उरलेला घरचा चहा पाण्यात मिसळून पाय बुडवणारे लोक मी पाहिलेत. मुंग्या तेवढ्या आल्या.

नखं आणि टाचा तपकिरी होतील, ते आठवडाभरात उतरतं. पांढरी चादर मात्र जपा. एमडी करत असताना मी स्वतःच्या पायावर हा प्रयोग केला होता आणि आईच्या नव्या चादरीवर दोन पावलांचे डाग कायमचे उमटले. आई अजून काढते तो विषय.

आणखी कडक करू का, तर नाही. जास्त टॅनिन म्हणजे जास्त फायदा, असं एका मर्यादेपुढे होत नाही. कातडी कोरडी पडून तडकायला लागते. आणि हे पाणी अखंड कातडीसाठी आहे. कातडी फाटलेली असेल, रक्त किंवा पाणी येत असेल तर तिथे नको. १९२५ च्या सुमारास भाजलेल्या जखमांवर टॅनिक अ‍ॅसिड लावायची पद्धत आली होती आणि बराच काळ ती चालली. पुढे लक्षात आलं की उघड्या जखमेतून ते शरीरात शिरतं आणि यकृताला इजा करतं. मग ती पद्धत सोडून दिली गेली. चहाच्या टबातून तेवढं होणार नाही, पण तत्त्व तेच.

ग्रीन टीमध्येही तुरट द्रव्यं आहेतच, पण त्यासाठी जादा पैसे घालवण्याचं मला कारण दिसत नाही. आणि एक घोटाळा इथेच निस्तरते, कारण दर महिन्याला कुणीतरी करतं: टी ट्री ऑइलचा आणि चहाचा काही संबंध नाही. ते ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्याच झाडाचं तेल आहे, नावात टी आहे एवढंच. त्या तेलाच्या १० टक्के क्रीमने पायाच्या बुरशीची खाज आणि सालं कमी झाली, पण बुरशी तिथेच राहिली, असं अभ्यासात दिसलंय. २५ ते ५० टक्क्यांच्या द्रावणाने निकाल बरे आले, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी उठली. तेव्हा बाटलीतलं शुद्ध तेल थेट बेचक्यात ओतायच्या फंदात पडू नका.

आता चिखल्या. हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

चौथ्या आणि पाचव्या बोटामधली जागा पायातली सगळ्यात अडचणीची. बोटं एकमेकांना चिकटलेली, हवा नाही, वर बंद बूट. तिथे कातडी भिजून पांढरी पडते आणि मग बुरशी घर करते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या बायका रोप लावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या घेऊन येतात; त्यांचं पाणी शेतातलं असतं, तुमचं बुटातलं, एवढाच फरक. पहिल्या दोन-चार दिवसांत चहाने तुम्हाला बरं वाटलं असणार, कारण तुरट पाण्याने ओल आटते. पण चहा बुरशी मारत नाही. आणि तुम्ही काय करताय? जी कातडी भिजून भिजून खराब झालीय, ती रोज अर्धा तास आणखी भिजवताय. वरून पाय नुसता झटकून अंथरुणात शिरत असाल तर विचारायलाच नको. वास कमी होतोय आणि खाज वाढतेय, हे तुम्हाला कोडं वाटतंय. मला त्यात विसंगती दिसत नाही.

इथे परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते मोकळेपणाने सांगते, कारण तुमचा पाय मी पाहिलेला नाही. बेचक्यातलं सगळंच पांढरं बुरशीचं नसतं. कधी ते नुसतं भिजणं असतं, कधी यीस्ट असतं, कधी एक जिवाणू असतो जो विशिष्ट दिव्याखाली पोवळ्यासारखा लालसर चमकतो. हिरवट झाक, जास्त दुखणं आणि घाण वास असेल तर वेगळ्याच जातीचे जिवाणू शिरलेले असतात आणि तिथे बुरशीचं मलम लावून काही हाती लागत नाही. दवाखान्यात आम्ही कातडीचं थोडं साल खरवडून, पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. बुरशीचे धागे असले तर तिथल्या तिथे दिसतात.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे दोन्ही पायांत, करंगळीजवळ, खाजरं, सालं सुटणारं, हिरवं नाही, फार दुखत नाही, एवढ्यावरून बुरशीची शक्यता सगळ्यात जास्त वाटते. तसं असेल तर टर्बिनाफिन किंवा ल्युलिकोनॅझोलचं साधं एकट्या औषधाचं मलम मेडिकलमधून मिळतं. रात्री पाय धुऊन, पूर्ण कोरडे करून, बेचक्यात पातळ थर आणि त्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. बरेच जण खाज गेली की चौथ्या दिवशी थांबतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा येतात. कातडी नीट दिसायला लागल्यावरही आठ-दहा दिवस लावत राहा. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बुरशीची हट्टी जात पसरलीय आणि तिच्यावर टर्बिनाफिन बऱ्याचदा चालत नाही. तेव्हा दोन आठवडे नियमाने लावून काहीच फरक नसेल तर मलम बदलत बसू नका, दाखवायला या किंवा जवळ जो त्वचारोगतज्ज्ञ असेल त्याच्याकडे जा.

मलम घेताना एक करा: ट्यूबवरची नावं वाचा. चार-पाच औषधं एकत्र केलेली क्रीम दुकानात सर्रास मिळतात आणि त्यात एक कडक स्टिरॉइड असतं, बहुतेक क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन. दोन दिवसांत खाज गायब. माणूस खूश, दुकानदारही खूश. आत बुरशी मात्र निवांत पसरत जाते, कारण तिच्याशी लढणारी सूज तुम्ही दाबून टाकलेली असते. माझ्या ओपीडीत गजकर्णाचे जे चिवट रुग्ण येतात, त्यातल्या बहुतेकांच्या पिशवीत अशी अर्धी पिळलेली ट्यूब असते. तालमीतली पोरं तर एकच ट्यूब पाच जणांत वापरतात. "मॅडम, हौद्याच्या मातीत हळद असते, लिंबू असतं, ताक असतं, तरी गजकर्ण कसं काय?" असं एकाने विचारलं होतं. मातीने त्याला काही केलं नव्हतं रे बाबा, पाच जणांत एक टॉवेल होता.

चिखल्यांकडे दुर्लक्ष का करू नये, तर खाजेपेक्षा मोठं कारण आहे. बेचक्यातली फाटलेली कातडी म्हणजे उघडं राहिलेलं दार. तिथून जिवाणू शिरून पाय गुडघ्यापर्यंत लाल, गरम, टम्म सुजतो, थंडी-ताप येतो. त्याला सेल्युलायटिस म्हणतात, आणि वारंवार झाला तर पायाची सूज कायमची बसते. पंचगंगेला पूर आला की पाण्यातून जाणं चुकत नाही. त्या दिवसांत अशा दारातून लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून येणारा ताप, तोसुद्धा शिरतो. असं काही दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता वासाबद्दल एक शंका उरते आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी असाच एक फौंड्रीतला मुलगा आला होता. तळव्याला भयंकर वास, कातडी पांढरट. मी बुरशी म्हणून महिनाभर मलम दिलं. काही फरक नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा योगायोगाने पावसातून भिजून आला होता आणि मोजे काढल्यावर मला दिसलं: टाचेवर आणि चवड्यावर, जिथे वजन पडतं तिथे, टाचणीने टोचल्यासारखे शेकडो बारीक खड्डे. कोरड्या पायावर ते जवळजवळ दिसतच नव्हते. हा जिवाणूंचा आजार आहे, ते कातडीचा वरचा थर अक्षरशः खातात आणि त्यांच्या वासात गंधकाची झाक असते. त्याला बुरशीचं मलम देऊन मी त्याचा महिना फुकट घालवला होता. क्लिंडामायसिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाच्या लोशनने आणि पाय कोरडे ठेवून तीन आठवड्यांत वासासकट सगळं गेलं. तुम्ही घरी बघू शकता: पाच मिनिटं साध्या पाण्यात पाय ठेवा आणि उजेडात तळवा बघा. चाळणीसारखे खड्डे दिसले, मोजा तळव्याला चिकटल्यासारखा वाटत असला, तर चहाने वास अर्धाच जाईल. लोशन लागेल आणि ते लिहून घ्यायला डॉक्टरकडे जावं लागेल.

खड्डे नसतील आणि नुसताच घाम बेसुमार येत असेल, म्हणजे बसल्या बसल्या हिवाळ्यातही फरशीवर पावलं उमटत असतील, तर चहाच्या पुढचं पाऊल म्हणजे अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्के द्रावण, रात्री कोरड्या तळव्याला. तेही पुरलं नाही तर पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याची पद्धत आहे. पण बहुतेकांची गाडी तिथपर्यंत जात नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: वासासाठी चहा चालू ठेवा, पण चिखल्या बऱ्या होईपर्यंत टबात पाय बुडवायचे नाहीत. तोवर हवं तर त्याच गाळलेल्या पाण्यात सुती कपडा भिजवून, पिळून, फक्त तळव्यावर दहा मिनिटं ठेवा. बेचक्यात मलम आणि कोरडेपणा.

आता आईंकडे.

तळव्याला तेलाच्या ग्रंथी नसतात. घामाच्या भरपूर असतात, तेलाची एकही नाही. म्हणून टाचेची कातडी जाड झाली की तिला आतून मऊ ठेवणारं काही नसतं, वजनाने ती कडेला फाकते आणि भेग पडते. अशा कोरड्या कातडीवर टॅनिनचं पाणी म्हणजे कमावलेलं कातडंच. वर सांगितलेल्या काकांच्या बोटांच्या चिरा आठवा. भेगांना चहा नको, एवढं साधं आहे ते.

आणि शुगरचं कारण वेगळं, जास्त गंभीर. आठ वर्षांच्या शुगरमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि ती कमी झालीय हे माणसाला स्वतःला कळत नाही. कळलं तर ती कमी कशी? पन्हाळ्याकडच्या एक आज्जी आठवतात. चहाच्या पाण्यात पाय घालून टीव्ही बघत बसल्या होत्या. "पानी गार झाल्यागत वाटलं म्हणून किटलीतलं आणि ओतलं." दुखलं काहीच नाही. पाय चहाने तपकिरी झालेले, त्यामुळे लाली कुणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने फोड पाहिले तेव्हा घोट्यापर्यंत भाजलं होतं. जखम भरायला चार महिने लागले. तेव्हापासून शुगरच्या कुठल्याही माणसाला मी पाय भिजवत ठेवायला सांगत नाही, चहात नाही, मिठाच्या पाण्यात नाही, कशातच नाही. पाय साध्या पाण्याने धुवायचे, लगेच पुसायचे.

आईंच्या भेगांसाठी १० ते २० टक्के युरियाचं क्रीम दिवसातून दोनदा, रात्री त्यावर व्हॅसलीन आणि पातळ सुती मोजे. बोटांच्या बेचक्यात मात्र क्रीम लावायचं नाही. युरिया फाटलेल्या भेगेत झोंबतं, तेव्हा भेग खोल असेल तर पहिले चार दिवस नुसतं व्हॅसलीन. घरचंच काही हवं असेल तर कोकणातून येणारं कोकम तेल उत्तम: चमच्यात वितळवायचं, हाताला सोसेल इतकं निवू द्यायचं आणि भेगेत भरायचं. ते काही औषध नाही, पण ओल आत अडवून धरतं आणि भेगेला तेच हवं असतं. वजरीने घासणं, ब्लेडने कातडी कापणं आणि बिब्बा, हे तीन मात्र शुगरच्या पायाला वर्ज्य. बिब्बा तर कुणाच्याच पायाला नको. तापवून त्याचं तेल भेगेत सोडतात आणि मग भाजलेला, फोडांनी भरलेला पाय घेऊन माझ्याकडे येतात. दर उन्हाळ्यात दोन-तीन तरी. त्या मानाने तुमचा चहा फारच गरीब.

दोन गोष्टी आईंच्या पायावर नक्की बघा. भेगा म्हणतात ते खरंच भेगा आहेत का? पूर्ण तळव्यावर पिठासारखं पांढरं साल, रेषांमध्ये जास्त, आणि एकाच हाताच्या तळव्यावरही तसंच असेल, तर ती बुरशी असते. दोन पाय आणि एक हात, हे तिचं ओळखीचं चित्र आहे, आणि लोक वर्षानुवर्षं तिला रुक्षपणा समजून क्रीम चोपडत असतात. दुसरं, डोळे मिटवून कापसाच्या टोकाने बोटांना हलकेच स्पर्श करा आणि कुठे लागलं ते विचारा. चुकत असतील तर फॅमिली डॉक्टरांना पायाच्या संवेदनेची नीट तपासणी करायला सांगा. आणि नवरात्र जवळ येतंय. आई नऊ दिवस अनवाणी अंबाबाईला जात असतील तर माझा निरोप सांगा: भेगा आणि शुगर असताना अनवाणी नको. श्रद्धेच्या आड मी येत नाही. मऊ तळाची चप्पल देवळाच्या दारापर्यंत घालावी, आत सगळेच अनवाणी असतात.

राहिले तुमचे बूट. ते सोडून पायावर कितीही मेहनत घेतलीत तरी बुरशी तिथून परत येईल. सेफ्टी शूज रात्रभरात वाळत नाहीत, घाम आतल्या फोममध्ये मुरलेला असतो. शक्य असेल तर दोन जोड ठेवा आणि एकाआड एक दिवस घाला. कंपनी दुसरा जोड देत नसेल तर निदान आतली गादी काढता येणारी घ्या, तिचे दोन संच करा, एक उन्हात, एक पायात. मोजे दोन न्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. कॉटनचे चालतात, पण कॉटन घाम धरून ठेवतं, तेव्हा बदलले नाहीत तर त्याचा काही उपयोग नाही. मोजे गरम पाण्यात धुवा आणि घरातल्या इतरांच्या कपड्यांत मिसळू नका. आणि ज्या टबात तुम्ही पाय बुडवले, तोच आईंसाठी वापरला गेलाय. तो साबणाने घासून उन्हात टाका.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की उरलेला चोथा वाया जाऊ नये म्हणून कपड्यात बांधून रात्री बुटात ठेवता, वास शोषला जावा म्हणून. कडकडीत वाळलेली पावडर ठेवली तर थोडी ओल शोषते, त्याला माझी हरकत नाही. पण ओलसर चोथ्यावर बंद बुटात दोन दिवसांत पांढरी-हिरवी लव धरते. ती पुरचुंडी आजच काढा आणि कुंडीत टाका, गुलाबाला चालेल.